दाणे टाकून

“दोनच मिनिटं बोल. पण उभी राहा,” ताईंनी बजावलं.

रेडिओ दुर्बिणीच्या त्या कचेरीत ताईंचं टेबल वर्षानुवर्षं बाबांच्या टेबलाला लागून होतं. थोड्या वेळात खालच्या हॉलमध्ये बाबांची शोकसभा होती आणि त्यांच्या मुलीला सांगण्यासारखं काही सापडत नव्हतं.

“काय सांगू, ताई? बक्षीस नाही, नाव नाही. कुणाशी कधी भांडलेसुद्धा नाहीत.”

“माझ्याशी भांडायचे की, पंख्यावरून.” ताईंनी चष्मा पुसला. “इकडे ये. त्यांचं काम पाहिलंयस कधी?”

पडद्यावर दीर्घिकांचा एक समूह होता. रेडिओ लहरींत त्यातल्या काही दीर्घिका प्रखर ठिपक्यांसारख्या दिसत होत्या. ताई एकेक ठिपका वजा करत गेल्या.

“हेच त्यांचं काम, धान्य निवडल्यासारखं. आम्ही चिडवायचो, लोक खडे टाकून दाणे ठेवतात, तुम्ही दाणे टाकून पीठ ठेवता.”

“आणि बाबा?”

“म्हणायचे, हात हलका ठेवा. नवा माणूस हमखास जास्त खरवडतो, मग दाण्याबरोबर पीठही जातं.”

शेवटचा ठिपका गेला. मागे एक फिकट, कडा नसलेला उजेड उरला, सबंध समूहावर पसरलेला.

“हा कुठल्या दीर्घिकेचा?”

“कुठल्याच एकीचा नाही गं. त्यांच्या मधल्या विरळ वायूतून येतो. ठिपक्यांपुढे लक्षातच येत नाही.”

मुलगी बघत राहिली. बाबा गेल्यापासून ती नुसते ठिपकेच शोधत होती.

हॉलमध्ये ती व्यासपीठावर उभी राहिली. “मी अभ्यासाला बसले की बाबा शेजारी येऊन बसायचे. शिकवायचे नाहीत, विचारायचे नाहीत. पेंग आली तरी उठायचे नाहीत. मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी असं असतं. तसं नसतं, हे फार उशिरा कळलं. तेवढंच सांगायचं होतं.”

मागून पहारेकरी उठला.

“माझ्याशी रोज हवापाण्याचं बोलायचे,” तो म्हणाला. “बाकी काही नाही.” आणि बसला.

“मी अँटेनावर चढलो की खाली थांबायचे,” यंत्रांना ग्रीस घालणारे काका बसल्या जागेवरूनच म्हणाले. “म्हणायचे, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण थांबायचे.”

आणखी कुणीतरी घसा खाकरला. मुलगी व्यासपीठावरून उतरली आणि लोकांच्या मधल्या एका रिकाम्या खुर्चीत जाऊन बसली.