पाहुण्याला दिलेला होकार

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर. जन्मलो कारखान्यात, पण शहाणा झालो झांबियातल्या टोंगा लोकांत. समाज कसा बदलतो याचा अभ्यास करणारा लुयांडो मला खांद्याला अडकवून गावोगाव हिंडायचा. "याच्याइतकं नीट कुणी ऐकत नाही," म्हणायचा. मी फुगायचो.

पुढे एका विकास प्रकल्पाने त्याला नोकरीवर घेतलं. मुलोंगा गावाच्या पाणथळीत बायकांचे भाजीचे वाफे होते. कोरड्या दिवसांत पोरांच्या पोटात जायचं ते तिथलंच. प्रकल्पाला नेमके तिथेच माशांचे तलाव हवे होते. पाहणीला आलेल्या प्रकल्पाच्या साहेबांना गावाने नशिमा, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, आणि कोंबडी वाढली. हात धुता धुता साहेबांनी विचारलं, "तलाव चालतील ना?"

"हो," सगळे म्हणाले. साहेब शाळेत मुक्कामाला जातो म्हणून उठले. मी चालूच राहिलो.

"काय गं मुटिंटाच्या आई, तूपण हो म्हणालीस? भोपळा काय आता नवऱ्याच्या टोपीत लावणार?"

"मग? आपल्या घरी जेवलेल्याला तोंडावर नाही म्हणू? सकाळी हामूंगाआजोबांना पाठवू. ते सांगतील नाही."

"तोवर कोंबडी तरी जिरू दे त्याची!"

तिथली रीतच ती. होकार जेवणाचा, खरं उत्तर दुसऱ्या दिवशी. सकाळी म्हातारा काठी टेकत शाळेत पोचला. शाळेला कुलूप. साहेब मुक्काम न करताच शहरात परतले होते.

लुयांडोने कचेरीत मला सगळं ऐकवायला लावलं. साहेब म्हणाले, "पुढची कुजबूज कशाला? हो स्वच्छ ऐकू येतंय की!" अहवालात एक ओळ पडली: गावाची संमती आहे. खाली लुयांडोची सही. माणसं समजून घेणं हाच त्याचा धंदा. त्याला सगळं समजलं होतं, तरी त्याने सही केली.

वाफे उखडून तिथे तलाव खणले गेले. तिसऱ्या वर्षी ते आटले. कचेरीने लिहिलं, गावकरी बदलायला तयार नाहीत. मुटिंटाची आई आता रस्त्याकडेला बसून खडी फोडते.

मी कपाटात पडून आहे. सेल फुटून आतून गंजलोय. मला दुरुस्त करू नका, मित्रांनो. पण कधी कुणाच्या गावात होकार मागायला गेलात, तर रात्रभर थांबा. सकाळी एक म्हातारा येईल. त्याचं ऐकून मगच काय ते लिहा.