खापर क्रीमवर

साधनाच्या लग्नाला सहा वर्षं झाली, पण पाळणा काही हलला नाही. मेडशीसारख्या गावात एवढी गोष्ट तोंडी लावायला पुरते. तिच्या नवऱ्याला, विकासला, दुसरी बायको करून देण्याची बोलणी घरात उघड सुरू झाली होती, आणि साधनाचा जीव टांगणीला लागला होता.

त्यात एका दुपारी विकासने मोबाइलवर आलेलं मोठ्याने वाचलं. उन्हाच्या क्रीममधली काही रसायनं रक्तात उतरतात, हार्मोन बिघडवू शकतात. त्यातलं ‘शकतात’ सासूबाईंच्या, तुळसाबाईंच्या, कानात शिरलंच नाही. त्यांना कारण हवं होतं, ते आयतं मिळालं.

“पाह्य, मी म्हणतच होती. रोज थोबाडाले चोपडते.”

साधना काही नटायला चोपडत नव्हती. साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट आणि डोक्याला रुमाल बांधून सोयाबीन निंदलं, तरी गालांवर वांग उठलेच. म्हणून रिसोडच्या मेडिकलवाल्याने ती क्रीम दिली होती. तरी तिच्या मनात पाल चुकचुकलीच. आपल्याच हाताने आपण आपला घात तर केला नाही?

मग दोघं वाशीमला गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी साधनाच्या तपासण्या केल्या आणि क्रीमच्या ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचली. “ऑक्सिबेन्झोन आहे यात. अंगात जिरतं, हे खरं. त्याने हार्मोन बिघडतात का, ते अजून नक्की झालेलं नाही. भीती वाटत असेल तर झिंकवाली वापरा. पण मूल न होण्याचं खापर या क्रीमवर फोडू नका. तुमचे रिपोर्ट सगळे चांगले आहेत. आता यांची तपासणी करू.”

विकास ताडकन उठला. “माही कायले? कारण त सापडलं न.” तो बाहेर गेला तो थेट एसटी स्टँडवर.

घरी पोचल्यावर त्याने आईला सांगितलं, “क्रीमचंच हाय म्हणे,” आणि तो वावरात निघून गेला. इतका धडधडीत खोटेपणा साधनाने त्याच्यात कधी पाहिला नव्हता. तिने रिपोर्ट सासूपुढे ठेवले.

“आई, माह्यात काईच नाई. त्यायची तपासणी राह्यली.”

तुळसाबाईंनी कागदांना हातही लावला नाही. दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाल्या, “मले माहीत हाय. चौदाव्या वर्षी त्याले गालफुगी झालती. खाली सूज उतरली होती. तवाच डॉक्टर बोलला होता, याले लेकरू होणं कठीण हाय.”

“लग्नाच्या आधी?”

“आधीच. सांगतलं असतं त कोणी पोरगी देल्ली असती काय? अन् आता गावात त्याचं नाव निघालं त तो जीवाचं बरंवाईट करून घेईन. तू गप राह्य. दुसरीचं नाव मी पुन्हा काढत नाई. या घरातून तुले कोणी हलवणार नाई.”

साधनाला रडू आलं नाही, नुसता संताप आला. सहा वर्षं उपासतापास केले, आणि या बाईने ते सगळे डोळ्यांदेखत होऊ दिले. पण माहेरी भावाच्या संसारात तिला जागा नव्हती, हेही दोघींना माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी निंदणाच्या ओळीत शेजारची अंजना जवळ सरकली. तुळसाबाईंनी सकाळीच चार घरं फिरून आपलं काम केलं होतं.

“खरं हाय काय वं, साधना? क्रीमनं तुही कूस गेली म्हणे?”

बाकीच्या बायांचे हात थांबले. साधनाने मान वर केली नाही.

“हो,” ती म्हणाली. “माहीच चुकी झाली.”