बारावी खुर्ची

“बाबा, आज बालटी को हाथ नहीं लगाना. समझे ना? आज तुम्ही बसायचं.”

धामनोदहून आलेल्या किमयाने पिशवी खाली ठेवायच्या आधीच फर्मान सोडलं. रत्नाकर साळवे चर्चच्या अंगणात, नळाखाली पितळी परात घासत होते. त्यांनी परात पालथी घातली आणि हात झटकले.

बावीस वर्षांपूर्वी देवासचा कारखाना बंद पडला, तेव्हापासून रत्नाकर या चर्चचे रखवालदार होते. घंटा, झाडू, फुलं, दिवे, सगळं त्यांच्याकडे. आणि पवित्र गुरुवारी ही परात. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूने कमरेला रुमाल गुंडाळून शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून त्या संध्याकाळी पाद्री बारा जणांना खुर्च्यांवर बसवून त्यांचे पाय धुतात. मंडळी डोळे पुसते. राजा असावा तर असा, असं जो तो म्हणतो आणि घरी जातो.

यातली एक गोष्ट मात्र शास्त्रात नव्हती. आधीचे पाद्री स्वच्छतेचे फार भोक्ते. पहिल्याच वर्षी त्यांनी रत्नाकरांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, “साळवे, विधीआधी बारा जणांना नळावर घ्या. साबण लावून पाय धुवा, बोटांच्या बेचक्यासुद्धा.” तेव्हापासून उपासनेआधी अर्धा तास रत्नाकर नळाशी उकिडवे बसत आणि धुतलेल्या पायांवर पाद्री आत पुन्हा पाणी घालत. रत्नाकरांची बायको, विमल, हसायची. “पाय धुता तुम्ही, आणि स्वर्गात नाव लागतं त्यांचं!” शाळेत पोरं किमयाला ‘तौलियेवाले की लड़की’ म्हणायची, तेव्हा मात्र विमल हसली नव्हती. “एकदा तरी त्या खुर्चीत बसा हो,” असं ती म्हणाली होती. तिला जाऊन दोन वर्षं झाली.

आठ महिन्यांपूर्वी आलेले नवे पाद्री अर्पित मसीह वयाने लहान आणि मनाने साफ होते. “इस बार कमेटी के लोग नहीं,” त्यांनी जाहीर केलं, “मेहनत करने वाले बारह लोग बैठेंगे.” बाराव्या खुर्चीवर साळवे भैयांचं नाव होतं.

रत्नाकरांनी आठ दिवस विमलच्या वजरीने टाचा घासल्या होत्या. भेगा काही बुजल्या नाहीत, पण मळ गेला. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी ते टाचांना खोबरेल चोळत बसले, आणि कोणी पाहत तर नाही ना म्हणून दाराकडे बघत राहिले.

संध्याकाळी बाकीचे अकराही जण आले. गॅरेजवाल्या मोनूच्या पायांना ग्रीस, गवंड्याच्या पायांना सिमेंट, भाजी विकणाऱ्या बाईच्या पायांवर मंडईचा चिखल. पाहून रत्नाकरांचे हात शिवशिवले. नळ चार पावलांवर होता. नव्या पाद्रींना ही जुनी रीत ठाऊकच नव्हती, आणि सांगायचं कसं, हा पेच रत्नाकरांना आठ दिवस सुटला नव्हता.

“बाबा,” किमया कानाशी म्हणाली, “आत चला. फोटो काढायचाय मला.”

ते आत जाऊन बाराव्या खुर्चीत बसले. टेकून नव्हे, कडेला.

अर्पित मसीह म्हणाले, “हमारा राजा सिंहासन पर नहीं मिलता. वो वहाँ मिलता है, जहाँ किसी के पैर होते हैं.” मग त्यांनी कमरेला रुमाल गुंडाळला आणि गुडघे टेकले.

तिसऱ्या खुर्चीपाशी पाणी गढूळ झालं. मोनूच्या पायांनंतर काळं पडलं, वर तेलाचा तवंग आला. पाद्री मागे हटले नाहीत, हे खरं. पण दहाव्या खुर्चीशी पोहोचेस्तोवर त्यांच्या पांढऱ्या झग्याची बाही कोपरापर्यंत डागाळली होती. त्यांनी परातीकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, “पानी...”

कोणाचं नाव त्यांनी घेतलं नव्हतं. मंडळीत शंभर माणसं होती. पण रत्नाकर उठले. उठायचं की नाही, हे त्यांनी ठरवलंच नाही. पाय आपोआप उठले, हातांनी परात उचलली आणि ते बाजूच्या दाराने बाहेर गेलेसुद्धा.

नळाला धार बारीक होती. परात विसळून बादली भरेपर्यंत आत एक गाणं संपून दुसरं सुरू झालं.

ते परतले तेव्हा बाराव्या खुर्चीत शंतनू वाघमारे बसले होते, कमिटीचे सेक्रेटरी. मोबाइलवर उपासना थेट दाखवणाऱ्या शिखाला रिकामी खुर्ची खटकली होती. “अंकल, फ्रेम में एक कम दिख रहा है, आप बैठ जाओ ना,” असं तिने कुजबुजून सांगितलं, आणि सेक्रेटरी बूटमोजे काढून बसले.

परात पाद्रींपुढे ठेवून रत्नाकर बादली-तांब्या घेऊन उभे राहिले. ‘ही माझी जागा आहे’, एवढे चारच शब्द. तेवढे म्हणायचे राहिले. दहाव्या, अकराव्या खुर्चीनंतर अर्पित मसीहांनी पुन्हा तांब्यासाठी हात पुढे केला, तेव्हा रत्नाकरांनी सवयीने तो भरून दिला. सेक्रेटरींच्या गुलाबी टाचांवर ते स्वच्छ पाणी पडलं. पाद्रींनी वाकून त्या पायांचं चुंबन घेतलं. त्यांचे डोळे भरून आले होते. ते फक्त पायांकडे बघत होते. खुर्चीत कोण आहे, हे त्यांनी मान वर करून पाहिलंच नाही.

उपासना सुटल्यावर शंतनूंनी रत्नाकरांना अंगणात गाठलं. “साळवेभाऊ, बारा पूरे होने चाहिए ना, विधी चालू होता. वाईट तर नाही वाटलं? अगले साल पक्का!”

“नाही साहेब.”

वाईट? कानशिलं तापली होती त्यांची. पण शंतनूवर धड रागही येईना. राग होता तो स्वतःवर. बावीस वर्षांत एकदा खुर्चीला टेकलेलं बूड, ते अर्धा तास टिकेना!

अंगण रिकामं झाल्यावर किमया जवळ आली. डोळे लाल होते.

“तुम उठे क्यों, बाबा?”

“पाणी काळं झालं होतं गं.”

“तो होने देते! एवढ्या लोकांत दुसरं कोणी नव्हतं?”

“होते की,” रत्नाकर म्हणाले. “कोणी उठलं नाही.” मग विचारलं, “फोटो आला?”

तिने मोबाइल पुढे धरला. गुडघे टेकलेले पाद्री, खुर्चीत शंतनू, आणि कडेला तांब्या देणारा एक हात, मनगटापर्यंत.

किमयाने मोबाइल बंद केला. आतून एक खुर्ची आणून तिने नळाशी ठेवली. “बसा. मी धुते.”

“नको.”

“बाबा, प्लीज.”

“तू धुशीलच गं. तुझ्या आईचे शेवटी मीच धुतले ना? घरचं माणूस धुतंच.” त्यांनी खुर्ची दुमडून भिंतीला लावली. “हे निराळं होतं.”

दारातून अर्पित मसीहांची हाक आली. “साळवे भैया, तौलिया धोकर रख देना, हाँ? अगले साल काम आएगा.” आवाजात खरोखरचं प्रेम होतं.

“जी, पाद्रीसाहेब.”

त्यांनी परात घासली, पुसली. रुमालावरचं ग्रीस साबणाने काढायचा प्रयत्न केला, ते पूर्ण निघालं नाही. तो पिळून दोरीवर टाकला. मग नळ सोडला आणि कामावरून आल्यावर कोणीही धुतं तसे, उभ्या उभ्या, एका पायाने दुसरा चोळत, स्वतःचे पाय धुतले.