ऐकलं. दिलं.

"मी हिचं ऐकायचं? हिचं? त्यापेक्षा मला मेलेलं समजा आणि त्या जावयाच्या शेजारी आडवं करा!"

थोरलीने हातातली रिकामी सिरिंज ट्रेमध्ये आपटली. प्लॅस्टिकचीच ती, आपटून आपटून आवाज किती होणार? टुक. त्याने तिला आणखीच राग आला.

जावई खाली मॅटवर पसरला होता. सरावाचा रबरी पुतळा, कमरेपर्यंतचाच, पाय नाहीत, तोंड अर्धवट उघडं, आणि चेहरा असा की आता आणखी कोण कोण येतंय सेवेला. म्हणून तर हॉस्पिटलमधल्या सगळ्या सिस्टरांनी त्याचं नाव जावई ठेवलं होतं. आपण पडून राहायचं, बाकीच्यांनी घाम गाळायचा, आणि उठायचं की नाही ते आपल्या मर्जीवर.

आज तो उठला नव्हता.

"मॅडम, त्यांचं नाही, लीडरचं ऐकायचं," ट्रेनर म्हणाला. पंचविशीचा पोरगा, गळ्यात शिट्टी, हातात गुणांचा कागद. भांडण सोडवायचं त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं, ते त्याच्या कानांवरून कळत होतं. लालबुंद झाले होते.

"लीडर!" थोरली म्हणाली. "घरात धाकटी आणि इथे लीडर!"

धाकटी मॉनिटरपाशी हाताची घडी घालून उभी होती. ती बोलली, पण मॉनिटरशी. "चिठ्ठीत नाव आलं. मी काही अर्ज केला नव्हता."

"बघा, बघा कशी बोलते!"

"मी कुणाशीच बोलत नाहीये," धाकटीने मॉनिटरला सांगितलं.

दोघी सख्ख्या जावा. एका घरात राहायच्या, एका हॉस्पिटलात नोकरी करायच्या. थोरली बावीस वर्षं कॅज्युअल्टीत, धाकटी नऊ वर्षं आयसीयूत. आणि गेले आठ महिने दोघींत शब्द नाही.

थोरलीचं जीव वाचवायचं सर्टिफिकेट मागच्या महिन्यात संपलं होतं. ते दर दोन वर्षांनी नवं करावं लागतं. संधी दोनच. पहिली आत्ता, अकरा वाजता, मातीत गेली. दुसरी अडीचला. तीही गेली तर सोमवारपासून कॅज्युअल्टीत पाऊल ठेवायचं नाही. मेट्रनबाईंनी गोड आवाजात सांगूनही ठेवलं होतं, "चादरींच्या स्टोअरमध्ये जागा आहे हो. निवांत काम आहे." निवांत! ज्या बाईने लिफ्टमध्ये, जिन्यात, एकदा तर पार्किंगमध्ये माणसं परत आणली, तिने आता उशांचे अभ्रे लावत बसायचं.

ट्रेनरने कागद पुढे धरला.

"मॅडम, तुमचं छाती दाबणं बघा. खोली बरोबर, वेग बरोबर. सगळ्या बॅचमध्ये पहिला नंबर. इंजेक्शन अचूक, वेळेवर."

"मग?"

"मग तुम्ही ते दिलंय हे कुणाला कळलंच नाही."

झालं होतं ते असं. धाकटी म्हणाली होती, "ॲड्रेनलिन एक मिलिग्रॅम द्यायचंय." कुणाला म्हणाली? छताला. थोरलीने ते ऐकलं आणि सिरिंज भरून देऊन टाकलं. तोंडातून अक्षर नाही. धाकटीने दहा सेकंद वाट पाहिली. उत्तर नाही. मग ती स्वतःच पुढे झाली, दुसरी सिरिंज उचलली आणि जावयाला आणखी एक डोस ठोकला. छाती दाबणारा जाडा डॉक्टर आणि फुगा दाबून श्वास देणारा दाढीवाला टेक्निशियन, दोघांनी हे पाहिलं आणि दोघेही गप्प बसले. जावांच्या मध्ये कोण पडणार? मग शिट्टी वाजली.

"ऑर्डर देणाऱ्याने समोरच्याला हाक मारून द्यायची," ट्रेनर म्हणाला. "घेणाऱ्याने तीच परत म्हणायची, 'ऐकलं' म्हणायचं. काम झालं की 'दिलं' म्हणायचं. एवढंच आहे हो. नाहीतर एकच औषध दोघं देतात. तुमच्या पाहण्यात आहे का असं कधी झालेलं?"

थोरलीने खिडकीकडे पाहिलं. धाकटीने पंख्याकडे पाहिलं.

पाहण्यात होतं. चांगलंच होतं.

आठ महिन्यांपूर्वी एका सकाळी थोरलीने सासऱ्यांना ब्लडप्रेशरची गोळी दिली आणि ती ड्यूटीवर गेली. अर्ध्या तासाने धाकटी नाइट करून आली, तिनेही दिली. दहा वाजता बाबा बाथरूममध्ये गरगरून पडले, बादलीसकट. चार दिवस ह्याच हॉस्पिटलात, मनगटाला पट्टी, आणि बघायला येणारा प्रत्येक जण विचारणार, "दोन दोन नर्स घरात असून असं कसं झालं?" थोरली म्हणाली, हिने विचारायला नको? धाकटी म्हणाली, ह्यांनी सांगायला नको? तिथून जे तोंड फिरवलं ते फिरवलं. गोळीचं काम बाबांच्या थोरल्या मुलाकडे गेलं. बाकी घर चिठ्ठ्यांवर चालायला लागलं. फ्रिजवर 'गॅस संपत आलाय', खाली दुसऱ्या अक्षरात 'माहीत आहे'. भाजीत मीठ एक तर दोनदा पडायचं नाहीतर पडायचंच नाही. दोघे भाऊ खाली मान घालून जेवायचे आणि पाणी फार प्यायचे. आठ महिन्यांत घरातले सगळे वाळले. वजन वाढलं ते एकट्या बाबांचं.

जेवणाच्या सुट्टीत थोरली डबा न उघडता बाथरूममध्ये गेली. आरशासमोर उभी राहिली. आजूबाजूला कुणी नाही असं बघून म्हणाली,

"ॲड्रेनलिन एक मिलिग्रॅम. ऐ..."

अडकलं. खोकून पाहिलं. पाणी प्यायली. पुन्हा.

"ॲड्रेनलिन एक मिलिग्रॅम, ऐक..."

बावीस वर्षांत डॉक्टरांपासून दारुड्यांपर्यंत सगळ्यांचं ऐकलं होतं बाईने. हा एक शब्द मात्र घशात हाडासारखा आडवा. तिसऱ्यांदा तोंड उघडलं तेवढ्यात मागे फ्लश झाला आणि दरवाजा उघडून धाकटी बाहेर आली.

दोघी आरशात एकमेकींना दिसल्या. धाकटी शेजारच्या बेसिनपाशी गेली. साबणाची बाटली दाबली, पुन्हा दाबली. बाटलीने फुस्स केलं. रिकामी. ती ओले हात तसेच धरून उभी राहिली.

थोरलीने आपल्यासमोरची बाटली बोटाने ढकलली. इंच, दोन इंच. बाटली सरकत सरकत धाकटीच्या नळापाशी गेली. धाकटीने हात धुतले. जरा जास्तच वेळ धुतले. मग निघून गेली.

थोरलीने बाटली पुन्हा जागेवर ठेवली आणि स्वतःलाच म्हणाली, "साबण द्यायला काय जातंय?"

अडीच वाजले. जावई तयारच होता, तो कुठे जाणार? जाडा डॉक्टर बाह्या सारून गुडघ्यावर बसला. टेक्निशियनने फुगा धरला. थोरली औषधांच्या ट्रेशी. ट्रेनरने शिट्टी ओठांत धरली आणि बटण दाबलं. मॉनिटर किंचाळायला लागला.

"छाती दाबायला सुरुवात करा, डॉक्टर," धाकटी म्हणाली.

"छाती दाबायला सुरुवात, ऐकलं," डॉक्टर धापा टाकत म्हणाला. सुरुवात करायच्या आधीच धापा टाकत होता बिचारा.

एक शॉक झाला. दोन मिनिटं झाली. दुसरा शॉक झाला. जावई ढिम्म. आता औषध. धाकटीने तोंड उघडलं आणि मिटलं. ट्रेनरचं पेन कागदावर टेकलं. थोरलीच्या हातात सिरिंज भरलेली होती. सांगायच्या आधीच भरली होती तिने, पण नजर ट्रेमध्येच. तिला चादरींचा ढीग दिसत होता. पांढरा, डांबरगोळ्यांच्या वासाचा, पार निवृत्तीपर्यंत उंच.

"ताई," धाकटी म्हणाली.

आठ महिन्यांनी. आवाज जरा चिरकाच आला.

"ताई, ॲड्रेनलिन एक मिलिग्रॅम द्या."

जाडा डॉक्टर दाबता दाबता मोजायचं विसरला. टेक्निशियनचा फुगा हातातच राहिला. थोरलीने वर पाहिलं. धाकटीच्या कपाळावर घामाचा थेंब होता, आणि हाताची घडी सुटलेली होती.

"ॲड्रेनलिन एक मिलिग्रॅम." थोरली थांबली. "ऐकलं."

सिरिंज लावली, दांडा दाबला.

"दिलं. दोन वाजून एकेचाळीस."

"दिलं, ऐकलं. थँक यू, ताई."

धरण फुटावं तशी मग थोरली सुटली. "डॉक्टर दमलेत, बदला," म्हणाली. "बदला, ऐकलं," धाकटी म्हणाली. "तू ऐकायचं नाहीस, मी ऐकायचंय," थोरली म्हणाली. "बरोबर आहे, ऐकलं," धाकटी म्हणाली. ट्रेनरने शेवटी त्यांना थांबवायला शिट्टी वाजवली, तेव्हा थोरली जावयाच्या छातीवर होती आणि शिट्टीसुद्धा परत म्हणून दाखवायच्या बेतात होती.

"नाडी लागली!" ट्रेनर ओरडला. "वाचला! पास, सगळे पास!"

जावयाचं तोंड तसंच अर्धवट उघडं. उपकार मानायची त्याला सवयच नव्हती.

पाचला सुटल्यावर थोरलीची बस डोळ्यांदेखत गेली. ती स्टॉपवर उभी, छातीशी सर्टिफिकेटचा लिफाफा. स्कूटर येऊन थांबली.

"ताई, बसा."

"बसते, ऐकलं."

"धरून बसा. पुढे खड्डा आहे."

"खड्डा, ऐकलं. धरलं." मग स्वतःशीच, "मेलं तोंडातच बसलंय हे."

धाकटीचे खांदे हलले. हसत होती. थोरलीने तिच्या पाठीवर एक धपाटा घातला, हळूच, लिफाफ्यानेच.

घरी बाबा खुर्चीत बसले होते, पेपर उघडून. कोर्टात चाळीस वर्षं कारकुनी केलेला माणूस. दारात पावलं वाजली की पेपरच्या कडेवरून बघायचे, आज कोण आधी आलं. आज दोघी एकदम आल्या. एका स्कूटरवरून. पेपर जरा वर गेला.

स्वयंपाकघरात थोरलीने पातेलं चढवलं. धाकटीने सवयीने दुसरं काढलं, मग हातात धरूनच राहिली.

"ताई, बाबांचा चहा?"

"बाबांचा चहा, ऐकलं. ठेवलाय."

"साखर?"

"साखर दोन चमचे. टाकली."

धाकटीने पातेलं खाली ठेवलं. "दोन? मीसुद्धा दोन टाकते."

"तू? तू तर बिनसाखरेचा देतेस ना त्यांना? रोज सांगतात मला. म्हणे धाकटीच्या हाताला गोडवाच नाही, तूच काय ते दे बाई."

"मला सांगतात, थोरली कपभर कोमट पाणी आणून ठेवते. तुझ्यामुळे चहाची चव कळते म्हणे."

चहा उकळला. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"म्हणजे सकाळी दोन कप," थोरली म्हणाली.

"सकाळी दोन कप, ऐकलं. संध्याकाळी दोन."

"डॉक्टरांनी दिवसाला एक सांगितलाय. तोही बिनसाखरेचा."

"चहा उतू जातोय, ताई."

"उतू, ऐकलं." आणि थोरलीने गॅस बंद केला.

दोघी बाहेर आल्या. थोरलीच्या हातात कप, एकच. बाबांनी पेपरची घडी घातली. घडी घालायला त्यांना आज फार वेळ लागला.

"आज एकच?" ते म्हणाले. आणि लगेच जीभ चावली.

धाकटी समोर उभी राहिली. मॉनिटरपाशी उभी राहायची तशी. "बाबा, तुम्ही पडलात त्या दिवशी. गोळी ताईंनी आठला दिली होती?"

"आठला. हो. दिली होती."

"मग साडेआठला मी आणली तेव्हा सांगितलं का नाही, झाली म्हणून?"

बाबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग कपाकडे.

"तू गोळी बशीत ठेवून आणली होतीस," ते म्हणाले.

"बरं?"

"वर कप होता. वाफ येत होती." त्यांनी चष्मा काढला, पुसला. "गोळी नको म्हटलं असतं, तर तू बशी परत नेली असतीस."

थोरलीचा हात बाबांसमोर कप ठेवायला पुढे झाला होता. तो हळूहळू मागे आला. कप धाकटीच्या हातात गेला. धाकटीने एक घोट घेतला आणि उरलेला थोरलीला दिला.

बाबा उठले. पायाने चपला चाचपल्या. एक स्वतःची सापडली, दुसरी थोरल्या मुलाची. तशाच घातल्या.

"कुठे निघालात?" दोघी एकदम म्हणाल्या.

"मला आता निघायला हवं."