चाक फिरतंय तोवर

गाडी शिकवणाऱ्यांच्या गाडीत दोन ब्रेक असतात, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि दुसरा शिकवणाऱ्याच्या. ह्या दुसऱ्या ब्रेकवरून आमच्या बाईंचा पाय इतक्या वर्षांत कधी उचललाच गेला नव्हता, म्हणून शिकणारे त्यांना पाठीमागे ब्रेकबाई म्हणत. सिनेमात गाडी वळणावर आली तरी त्या समोरच्या खुर्चीवर पाय रोवत आणि पुढे बसलेला माणूस वळून बघे.

गाडीच्या बाबतीत बाई भारी कडक. सर्व्हिसिंग लांबलं तर मेकॅनिकची खैर नाही. स्वतःच्या बाबतीत मात्र लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. गर्भाशयाच्या तोंडाची ती पॅप तपासणी करून घे म्हणून धाकटी बहीण वर्षानुवर्षं मागे लागली होती. शेवटी तिची कटकट थांबावी म्हणून बाई जाऊन आल्या, आणि रिपोर्ट आला की पेशींत बदल दिसतात, दुर्बिणीतून तपासून घ्यावं.

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. दोघींची मावशी ह्याच दुखण्याने गेली होती, आणि तिचं वेळेवर कोणी बघितलंच नव्हतं.

"ताई, बदल म्हणजे कॅन्सर नव्हे," धाकटी म्हणाली. "तसं होऊ नये म्हणूनच आधी बघतात."

"तुला काय माहीत?"

"खाली लिहिलंय. तू पहिली ओळ वाचून कागदाची घडी घातलीस."

दवाखान्यात आतल्या खोलीत बाई पलंगावर आडव्या झाल्या, पडदा सरकला, आणि समोर कोण उभं? त्यांचीच विद्यार्थिनी. डॉक्टरीण आहे एवढं बाईंना ठाऊक होतं, कशाची ते कधी विचारलं नव्हतं. बाईंच्या हाताखालून गेलेल्या सगळ्यांत ही सर्वांत दिव्य. हिरवा दिवा लागला की थांबायची. एकदा गाडी दुभाजकावर चढवून तिने विजेच्या खांबाची माफी मागितली होती. जिच्या हाती आपण रिकाम्या मैदानातही जीव मुठीत धरून गाडी देतो, तिच्या हाती आता आपण स्वतः, ह्या विचाराने बाईंना घाम फुटला.

"डॉक्टरबाई, दुसरं कोणी नाही का हो?"

"नाही. खांदे सैल सोडा, मॅडम. श्वास सोडा. नजर लांब ठेवा."

"ही माझी वाक्यं आहेत."

"तुमचीच. पेशंटना फार उपयोगी पडतात." डॉक्टरीण दुर्बिणीला डोळा लावून बसली आणि जरा वेळाने म्हणाली, "उजवा पाय एवढा कशावर दाबताय?"

बाईंनी पाहिलं. पाय टेकवायच्या दांडीवर त्यांनी सगळा जोर लावला होता.

"ब्रेकवर," त्या ओशाळून म्हणाल्या.

"इथे तो नसतो."

मग दोघींना हसू आवरेना. "हसू नका, मला दिसत नाही," असं म्हणत डॉक्टरीणच जास्त हसत होती. हसणं ओसरल्यावर तिने व्हिनेगरच्या वासाचं औषध लावलं, पांढरट दिसलेल्या जागेचा बारीकसा तुकडा काढला आणि तपासायला पाठवून दिला. हात तसूभर हलला नाही. हेच हात स्टेअरिंगवर थरथरतात, हे बाईंना कोणी शपथेवर सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

रिपोर्ट येईपर्यंत बाईंचा जीव टांगणीला लागला. अशातच डॉक्टरणीच्या शिकवणीचा दिवस उजाडला. ती गाडीत बसली, आरसा नीट केला, बाजारपेठेच्या भर गर्दीत शिरली आणि एकदम म्हणाली, "अगं बाई, विसरलेच. निघता निघता तुमचा रिपोर्ट बघितला."

"काय आहे?"

तेवढ्यात समोरून ट्रक आला. डॉक्टरणीने स्टेअरिंग घट्ट आवळलं आणि ओठही.

"अहो, काय आहे?"

"चाक फिरतंय तोवर तोंड बंद. तुमचाच नियम," ती पुटपुटली. "आणि खरंच, मला दोन्ही नाही जमत."

आपलेच दात आणि आपलेच ओठ, करता काय? रस्त्याकडेला गाड्यांची अखंड रांग. मोकळी जागा एकच, एका टेम्पोच्या आणि एका चकचकीत मोटारीच्या मधे. मागे घेत घेत तिथे गाडी लावणं डॉक्टरणीला जन्मात जमलेलं नव्हतं.

"लावा," बाई म्हणाल्या.

गाडी वीतभर मागे गेली आणि गचका खाऊन थांबली. पुन्हा वीतभर, पुन्हा गचका. मागचे लोक हॉर्न वाजवून थकले आणि गंमत बघत उभे राहिले.

"मॅडम, ब्रेक तुम्ही दाबताय," डॉक्टरीण काकुळतीला आली. "असं केलंत तर गाडीही जाणार नाही आणि मीही बोलणार नाही."

बाईंनी खाली पाहिलं. पाय त्यांचं ऐकतच नव्हता. तेव्हा त्यांनी तो दोन्ही हातांनी धरून उचलला, दुसराही उचलला आणि सीटवर चक्क मांडी घातली. डोळे मिटले. फार भीती वाटत होती, मोटारीचीही आणि रिपोर्टचीही.

गाडी हळूच मागे गेली, वळली, सरळ झाली आणि थांबली.

"लागली," डॉक्टरीण म्हणाली. तिचा स्वतःचाच विश्वास बसत नव्हता.

"आता बोला."

"कॅन्सर नाही. त्याच्या आधीची पायरी आहे. तेवढी जागा बधिर करून तो भाग काढून टाकू, त्याच दिवशी घरी. पुढे मात्र तपासण्या चुकवायच्या नाहीत. आणखी काही वर्षं तशीच गेली असती, तर बातमी वेगळी असती, आणि ती सांगायची म्हणून मला गाडी लावणंही जमलं नसतं."

बाईंना मावशी आठवली आणि रडू आलं. रडता रडता मागच्या मोटारीला खरचटलंही नाही हे आरशात दिसलं आणि हसू फुटलं.

"तो भाग कोण काढणार?"

"मीच. चालेल?"

"चालेल. हात चांगला आहे तुमचा."

त्यांनी धाकटीला फोन लावला आणि सगळं सांगितलं. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"ताई, आहेस कुठे तू?"

"गाडीत. मांडी घालून बसलेय."

"आणि ब्रेक?"

"तो डॉक्टरबाईंकडे आहे," बाई म्हणाल्या आणि डॉक्टरणीकडे वळल्या. "चला, घरी सोडा मला."

गाडी निघाली. घर येईपर्यंत बाईंनी मांडी मोडली नाही.