हिरवी पडलेली फरशी

मी फरशी बोलतेय. सोलापुरात एका मास्तरांच्या परसात, आडाच्या काठाशी मला बसवलेली आहे. आज माझ्याकडे बघून कुणाला खरं वाटणार नाही, पण माझा मूळ रंग निळसर करडा. अंगावर हे जे हिरवं-काळं दिसतं, ते माझं नव्हे.

माझा जन्म शहाबादच्या खाणीतला. मालगाडीनं इथवर आले आणि मायाप्पा गवंड्यानं मला बसवलं. सोलापूरचं ऊन काय असतं ते मी वेगळं सांगायला नको. घागरभर पाणी सांडलं तरी तांब्या घासून होईपर्यंत मी कोरडी ठणठणीत. शेवाळ नावाची चीज असते हे मला ठाऊकही नव्हतं.

घर दोघा भावांचं. थोरले वेणीमाधव शाळेत मास्तर, धाकटा गोपाळ. आई गेली तेव्हा गोपाळ पाच वर्षांचा होता. मास्तरांची बायको यशोदा, स्वतःच अजून पोरसवदा, तिनं त्याला वाढवलं. माझ्यावर बसवून ती त्याला न्हाऊ घालायची. डोळ्यांत शिकेकाई गेली की तो किंचाळायचा आणि ती पदरानं त्याचं तोंड पुसत म्हणायची, "झालं हं, झालं!" तिला स्वतःचं मूल झालं नाही. गोपाळ होता, म्हणून तिनं ते कधी बोलूनही दाखवलं नाही.

गोपाळ कचेरीत कारकून झाला. त्याची बायको प्रभा घरात आली. चूल एकच होती.

मग सन तीसचा उन्हाळा आला. शहरात लष्करी कायदा पुकारला गेला. डोक्यावर पांढरी टोपी दिसली तरी शिपाई माणसाला अडवत. मास्तरांनी टोपी उतरवली नाही.

"दादा, माझी नोकरी सरकारी आहे," गोपाळ आडापाशी येऊन म्हणाला. "साहेब मला विचारतात, तो टोपीवाला मास्तर तुमच्याच घरातला ना?"

"मग सांग, नाही म्हणून," मास्तर म्हणाले.

आवाज कुणाचाच चढला नाही. पण आठ दिवसांत गोपाळनं परसाच्या मधोमध भिंत घालायला काढली. आड थोरल्यांकडे, नळ धाकट्याकडे.

कामाला मायाप्पालाच बोलावलं. तो आता म्हातारा झाला होता. पाया बघून तो थांबला. "रावसाब, परसाचा उतार तुमच्या अंगाला हाय. खाली मोरी ठिवा की, न्हायतर पानी कुटं जाणार? आन् उगवतीचं ऊन बी अडतंय. दगुड वलाच ऱ्हाईल."

"त्यांचं पाणीसुद्धा मला नको," गोपाळ म्हणाला.

उगवतीला भिंत, मावळतीला घर. माझ्या वाट्याला दुपारचं घटकाभर ऊन उरलं. आडाचं पाणी माझ्यापाशीच तुंबू लागलं. पहिल्या पावसाळ्यात सांध्यांतून एक हिरवी रेघ उमटली, मग ती पसरत पसरत अंगभर झाली. बुळबुळीत, मऊ. उन्हाळ्यात ती काळी पडली, वाळली. मला वाटलं, मेली. पण वळवाच्या दोन सरी पडल्या आणि दुसऱ्या सकाळी ती पुन्हा हिरवीगार. शेवाळ मरत नाही. ओल येईपर्यंत दम धरून बसतं.

यशोदा रोज राख आणि काथ्या घेऊन मला घासायची. कंबर धरून उठायची. एकदा तिनं भिंतीला तोंड लावून हाक मारली, "गोपाळ, विटेएवढी वाट कर रे पाण्याला. माझा पाय ठरत नाही इथं."

पलीकडं भांड्यांचा आवाज थांबला. प्रभा हळूच म्हणाली, "अहो, वहिनी बोलताहेत." नळ तेवढा वाहत राहिला.

त्या वर्षी भाद्रपदात पाऊस आठवडाभर हटला नाही. मास्तर शाळेत गेले होते. यशोदा भरलेली घागर कमरेवर घेऊन वळली आणि तिचा पाय माझ्यावरून सटकला. डोकं माझ्याच कडेवर आपटलं.

घागर पडल्याचा आवाज पलीकडं गेला असावा. "वहिनी?" गोपाळची हाक आली. मग मोठ्यानं, "वहिनी!" भिंतीत दार नव्हतं. त्याला गल्लीतून वळसा घालून यावं लागलं. तो आला तेव्हा माझ्यावरचं पाणी तांबडं झालं होतं. तिचं डोकं मांडीवर घेऊन तो धोतराच्या सोग्यानं तिचं तोंड पुसत बसला.

यशोदा सहा दिवस होती. शुद्धीवर आली नाही.

दहाव्याचे विधी करून माणसं परतली आणि गोपाळनं पहार घेतली. भिंतीच्या बुडाशी घाव घालत राहिला. हात सोलले तरी थांबला नाही. शेवटी एक वीट निखळली, दुसरी निखळली, आणि तुंबलेलं पाणी गळ गळ करत त्याच्या परसात गेलं.

मास्तर दारात उभे होते. टोपी हातात होती. ते एवढंच म्हणाले, "आता पाणी सांडणारं माणूस राहिलं नाही, गोपाळ."

त्याला चार वर्षं झाली. मास्तर गल्लीतल्या नळाचं पाणी आणून न्हाणीघरातच अंघोळ उरकतात. इकडे कुणी येत नाही. ऊन अजून भिंतीपलीकडेच आहे. शेवाळावर आता करड्या खपल्या धरल्यात, दगडफुलासारख्या, रुपयाएवढ्या गोल. त्या मला कणाकणानं कुरतडतात. त्याचं मला काही नाही.

तुम्ही कधी या बाजूला आलात, तर भिंतीला हात लावून, जपून पाय टाका. दगडाला सगळं सोसता येतं, पण पडणाऱ्याला धरता येत नाही.