बर्फात पडली तेव्हा

दुबईजवळच्या उम्म अल कुवैनमधल्या कारखान्यात वेल्डिंग करणाऱ्या खैरुद्दीनने रत्नागिरीहून बायको मरियम आणि सहा वर्षांची हुमेरा यांना पहिल्यांदाच बोलावून घेतलं. कंपनीच्या खोलीत सगळे पुरुषच, म्हणून त्याने दुबईत करामा भागातल्या एका स्वस्त हॉटेलात खोली घेतली. पोरीला तिथल्या मॉलमधल्या कृत्रिम बर्फावर स्की शिकवायची, हे त्याने कधीचं मनाशी ठरवलं होतं.

बर्फ पाहून हुमेरा हरखली. पण पायांत स्की अडकवून ती जरा पुढे सरकते न सरकते तोच तोंडावर आपटली. खैरुद्दीन धावला. त्याने उचलायला हात पुढे केले, तशी ती अंग चोरून मागे सरली आणि रडत ओरडली, "मामू! मला मामू पाहिजे!"

तिला मामानेच वाढवलं होतं. बाप वर्षाआड महिनाभर यायचा.

"लहान आहे ती, मनावर घेऊ नका," मरियम ओशाळून म्हणाली.

हॉटेलात आल्यावरही हुमेराचे हुंदके थांबेनात. शेवटी खैरुद्दीननेच रत्नागिरीचा नंबर फिरवला आणि रिसीव्हर तिच्या कानाला लावला.

"मामू, मी पडले," ती सांगू लागली आणि बोलता बोलता हसूही लागली. खैरुद्दीनचा हात अवघडला, तरी रिसीव्हर धरून तो तसाच उभा राहिला.